साथीच्या काळांतील सरकारी साहाय्य

प्रजेवर संकट ओढवलें असतां सरकारनें तिला हात द्यावा, ही कल्पना आपल्या देशांत नवी नाहीं. दुष्काळ पडला म्हणजे तगाई वांटावी, सारा तहकूब करावा, खडी फोडण्याचीं व तलाव खणण्याचीं कामें काढावीं, ह्या गोष्टी आपण वडील माणसांच्या तोंडून ऐकिल्या आहेत. परंतु इ. स. २०२० सालीं कोरोनाची साथ आली तेव्हां सरकारपुढें जो प्रश्न उभा राहिला तो निराळ्या जातीचा होता. त्या काळांत कोणास काय मिळालें, कोणास कांहींच कां मिळालें नाहीं, आणि जें मिळालें त्यास मदत म्हणावें कीं कर्ज म्हणावें, ह्याविषयीं रायगडच्या किनाऱ्यावर उरणपासून श्रीवर्धनपर्यंत अजूनहि बोलणें निघतें. ज्यांचें पोट रोजच्या मिळकतीवर चालतें त्यांच्या घरीं तर तें विशेष निघतें. आमच्या विद्यार्थ्यांना हा विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या काळांत त्यांतील पुष्कळांच्या शाळा बंद होत्या त्याच काळांतील ही हकीकत आहे, आणि घरांत त्या वेळीं पैशाची काय ओढाताण चालली होती हें त्या वयांत त्यांस कळण्यासारखें नव्हतें.

साथींतील साहाय्य कसें दिलें गेलें हें समजण्यासाठीं प्रथम दुष्काळांतील रीत पाहूं. दुष्काळांत खरा गरजू कोण हें ओळखण्याची एक जुनी युक्ति आहे. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर १८८० सालीं एका कमिशनचा अहवाल आला व त्यावरून निरनिराळ्या प्रांतांसाठीं दुष्काळाचे नियम तयार झाले. त्यांतील मुख्य तत्त्व असें कीं, सरकारनें काम काढावें आणि जो उन्हांत राबावयास येईल त्यास मजुरी द्यावी. ज्याच्या घरीं धान्याची कणगी भरलेली आहे तो अशा कामावर येणार नाहीं. जो येईल तो गरजू आहे हें निराळें सिद्ध करावें लागत नाहीं. दाखला नको, पंच नको, ओळख नको. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें रोजगार हमीची जी योजना मोठ्या प्रमाणावर चालविली व १९७७ सालीं जिचा कायदा केला, तिच्या मुळाशींहि हेंच तत्त्व आहे.

वादळाची गोष्ट निराळी. ती आपल्या जिल्ह्यास शिकवावी लागत नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां साथहि चालूच होती. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ह्या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसांत भुईसपाट झाल्या. दोनच दिवसांनीं राज्य सरकारनें रायगड जिल्ह्यासाठीं तातडीचे १०० कोटि रुपये जाहीर केले. मागाहून तलाठी, ग्रामसेवक व कृषिसहायक आले, त्यांनीं मोडलेलीं झाडें मोजलीं, पडक्या भिंती पाहिल्या आणि पंचनामा केला. पुढें नारळाच्या झाडास २५० रुपये आणि सुपारीच्या झाडास ५० रुपये असा दर ठरला. सुपारीचें झाड लावल्यापासून फळ धरण्यास कित्येक वर्षें लागतात. तेव्हां पन्नास रुपयांत त्या झाडाची काय भरपाई झाली हें कोणत्याहि वाडीवाल्यास विचारावें. परंतु झाड पडलें कीं नाहीं ह्याविषयीं मात्र वाद नव्हता. तें समोर आडवें पडलेलें होतें.

साथीच्या काळीं ह्या दोन्ही युक्ति निरुपयोगी ठरतात. दुष्काळी कामावर माणसें गोळा करावयाचीं असतात, आणि साथींत तर माणसांनीं गोळा होऊं नये हाच मुख्य उपाय. म्हणजे सरकारला कामाबद्दल मजुरी द्यावयाची नव्हती. काम न करितां घरीं बसावें म्हणून पैसा द्यावयाचा होता. जगाच्या अर्थव्यवहारांत ही उफराटी गोष्ट झाली. बरें, नुकसानीचा पंचनामा करावा म्हटलें तर पंचनामा कशाचा करणार? रेवदंड्याच्या कोळिणीची न विकलेली पाटी, मांडव्याच्या धक्क्यावर न आलेला उतारू, काशीदच्या किनाऱ्यावर न खपलेली शहाळीं, हीं कोणत्या तलाठ्यास मोजून दाखवावीं? जी मिळकत झालीच नाहीं ती डोळ्यांस दिसत नाहीं. मांडवा आणि मुंबईचा भाऊचा धक्का यांच्यामध्यें मोटारी वाहून नेणारी मोठी बोट १५ मार्च २०२० रोजीं सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत बंद पडली. त्या बोटीच्या भरंवशावर ज्यांनीं धंद्याचे बेत केले असतील त्यांचें नुकसान कोणत्या फूटपट्टीनें मोजावें?

ज्या कायद्याखालीं महाराष्ट्र सरकारनें १३ मार्च २०२० पासून प्रथम निर्बंध घातले तो १८९७ सालचा आहे. मुंबईंत गांठीच्या प्लेगनें कहर केला तेव्हां तो घाईनें करण्यांत आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. उतारू तपासावे, रोगी वेगळे ठेवावे, अधिकाऱ्यांस संरक्षण असावें, एवढेंच त्यांत मुख्यत्वें आहे. खर्च व भरपाई, द्यावयाची असल्यास, कोणी सोसावी हें सरकारनें ठरवावें असा एक ओझरता उल्लेख सांपडतो. पण ज्याचा धंदा सरकारी हुकुमानें बंद झाला त्यास कांहीं मिळण्याचा हक्क आहे असें त्यांत कोठेंहि नाहीं. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून साऱ्या देशांत टाळेबंदी झाली. हा शब्दहि मौजेचा आहे. पूर्वीं गिरणीमालकानें कामगारांशीं भांडण झाल्यावर दरवाजास कुलूप लाविलें म्हणजे त्यास टाळेबंदी म्हणत. आतां मालक व कामगार दोघेहि एकाच कुलपाच्या आंत सांपडले.

मग सरकारनें काय केलें? कपाटांत ज्या याद्या आधींच तयार होत्या त्या बाहेर काढिल्या. आमच्या मतें हें एक वाक्य ध्यानीं धरलें तर त्या दोन वर्षांतील साहाय्याचा सारा नकाशा उलगडतो. ज्याचें नांव एखाद्या यादींत पूर्वींपासून होतें त्याच्याकडे पैसा किंवा धान्य वाहत गेलें. ज्याचें नव्हतें तो त्याच्याइतकाच, कदाचित् अधिक, गरजू असूनहि बाहेर राहिला. ह्यांत कोणाची दुष्ट बुद्धि होती असें आम्ही म्हणत नाहीं. पाणी जसें पूर्वीं खणलेल्या पाटानेंच जातें, तसाच हा प्रकार होता.

सर्वांत रुंद पाट शिधापत्रिकेचा. २६ मार्च २०२० रोजीं केंद्र सरकारनें १ लक्ष ७० हजार कोटि रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर केली. तींत अन्नसुरक्षेच्या यादींतील प्रत्येक माणसास महिना ५ किलो धान्य फुकट द्यावयाचें होतें. पांच माणसांच्या घरास २५ किलो, आणि तेंहि नेहमींच्या स्वस्त धान्याखेरीज. मध्यें कांहीं महिने खंड पडून ही योजना डिसेंबर २०२२ पर्यंत, एकंदर २८ महिने चालली. जें कांहीं दिलें गेलें त्यांत सर्वांत अधिक घरांपर्यंत पोंचलेली व सर्वांत कमी कटकटीची गोष्ट हीच, असें आमचें मत आहे. कारण रेशनचें दुकान गांवोगांवीं होतें, वजनकांटा होता, यादी होती. ज्यांची पत्रिका केशरी होती पण अन्नसुरक्षेच्या यादींत नांव नव्हतें, त्यांना महाराष्ट्र सरकारनें मे व जून २०२० मध्यें माणशीं ३ किलो गहूं ८ रुपये दरानें व २ किलो तांदूळ १२ रुपये दरानें दिले. त्याच वेळीं १० रुपयांची शिवभोजन थाळी ५ रुपयांस करण्यांत आली.

दुसरा पाट बँकेच्या खात्याचा. ज्या स्त्रियांचीं जनधन खातीं होतीं त्यांच्या खात्यांत एप्रिल, मे व जून असे तीन महिने ५०० रुपये जमा झाले. गर्दी होऊं नये म्हणून खात्याच्या क्रमांकाचा शेवटचा आंकडा ० किंवा १ असेल त्यांनीं ३ एप्रिलला यावें, २ किंवा ३ असेल त्यांनीं ४ एप्रिलला, अशी ९ एप्रिलपर्यंत पाळी लाविली होती. योजना नीटनेटकी होती खरी. पण एकाच आळींतील दोघी बायका घ्या. दोघींची परिस्थिति सारखीच. एकीचें खातें जनधनचें, दुसरीनें कांहीं वर्षांपूर्वीं आपल्या हिमतीनें साधें बचतखातें उघडलेलें. पहिलीस दीड हजार मिळाले, दुसरीस कांहीं नाहीं. आधीं शहाणपण केलें हाच जणूं तिचा अपराध झाला.

बांधकामावरील मजुरांची गोष्ट मात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९९६ च्या कायद्यानें प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चावर शेंकडा १ रुपया उपकर बसे व तो मजुरांच्या कल्याणनिधींत सांठे. वर्षांतून ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला दिला म्हणजे मजुराचें नांव मंडळाच्या दप्तरीं चढतें. टाळेबंदी होतांच महाराष्ट्रांतील अशा नोंदलेल्या मजुरांच्या खात्यांत २००० रुपये गेले. हा पैसा नव्या कर्जांतून किंवा नव्या करांतून आणावा लागला नाहीं. इमारती उठत असतांनाच तो विटेविटेगणिक बाजूस पडलेला होता. ज्या धंद्यांत चांगल्या दिवसांत थोडें बाजूस काढण्याची अशी सोय नव्हती, त्यांना वाईट दिवसांत सरकारच्या तोंडाकडे पाहावें लागलें.

आपल्या जिल्ह्यांतील कातकरी बांधवांचें उदाहरण ह्याच्या उलट आहे. आदिवासी कुटुंबांस पावसाळ्यांत पोटाला आधार म्हणून खावटी कर्ज देण्याची योजना १९७८ पासून होती. ती मध्यंतरीं बंद पडली. २०२० सालीं ती पुन्हां सुरू झाली, आणि ह्या वेळीं कर्ज म्हणून नव्हे तर अनुदान म्हणून. एका कुटुंबास ४००० रुपये. त्यांतील २००० रोख व २००० चा किराणा. सुमारें साडेअकरा लक्ष कुटुंबांसाठीं ४८६ कोटि रुपयांची ही तरतूद होती. हेतु उत्तम. परंतु सप्टेंबर २०२० मध्यें निर्णय निघाला आणि किराण्याचे जिन्नस प्रत्यक्ष हातीं पडेपर्यंत २०२१ साल उजाडलें. ज्यांच्या वाडीवर कोणाजवळ कागद आहेत, कोणाजवळ नाहींत, जे पोटासाठीं वीटभट्टीवर व कोळशाच्या भट्टीवर दूर जातात, त्यांची यादी संकट आल्यावर करूं लागलें म्हणजे असेंच होणार. भूक कांहीं यादी पुरी होईपर्यंत वाट पाहत नाहीं.

आतां नोकरदारांकडे वळूं. २९ मार्च २०२० रोजीं केंद्रीय गृहखात्यानें हुकूम काढिला कीं, टाळेबंदींत कामावर न आलेल्या कामगारांचेंहि वेतन मालकांनीं कापूं नये. ऐकावयास हें फार गोड होतें. परंतु ज्या हॉटेलांत महिनाभर एक गिऱ्हाईक आलें नाहीं, त्याच्या मालकानें तें वेतन कोठून द्यावें हें हुकुमांत लिहिलेलें नव्हतें. सरकारची तिजोरी ह्यांत उघडावयाची नव्हती. दुसऱ्याच्या खिशांतून दिलेलें हें साहाय्य होतें. १८ मेपासून तो हुकूम मागें घेण्यांत आला, व १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानें मालक व कामगार यांनीं आपसांत बोलून मिटवावें असें सांगितलें. ज्यांनीं तोंवर वेतन दिलें त्यांनीं दिलें.

ज्या लहान कारखान्यांत शंभरांपर्यंत माणसें कामास होतीं आणि त्यांतील शेंकडा नव्वदांचा पगार १५,००० रुपयांच्या आंत होता, तेथील भविष्यनिर्वाहनिधीची मालकाची १२ व कामगाराची १२ अशी शेंकडा २४ ची वर्गणी सरकारनें मार्चपासून ऑगस्ट २०२० पर्यंत भरली. शिवाय कामगारास स्वतःच्या निधींतून तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम, किंवा शिल्लकेच्या तीन-चतुर्थांश, यांत जी कमी असेल ती काढण्यास मोकळीक मिळाली. ही शेवटची सवलत साहाय्यांत धरावी कीं नाहीं ह्याचा विचार विद्यार्थ्यांनींच करावा. म्हातारपणासाठीं ठेविलेला आपलाच पैसा आपणांस आधीं घेऊं दिला, इतकेंच तींत आहे. राज्य कामगार विमा योजनेंतील ज्यांची नोकरी गेली त्यांस पूर्वीं सरासरी वेतनाचा चौथा हिस्सा मिळे, तो ९० दिवसांपर्यंत निम्मा करण्यांत आला. थळचा खतकारखाना, उरणचें बंदर, नागोठण्याचे कारखाने अशा ठिकाणीं जे कायम नोकरीवर होते त्यांची घडी फारशी विस्कटली नाहीं. ज्यांचें नांव हजेरीपटावर न चढतां मुकादमाच्या वहींतच राहतें, त्यांस ह्यांतील एकहि कलम लागू पडलें नाहीं.

धंदेवाल्यांसाठीं जें झालें त्याचा बोलबाला सर्वांत मोठा होता. मे २०२० मध्यें वीस लक्ष कोटींचें साहाय्य जाहीर झालें. बारीक हिशेबानें तें २०,९७,०५३ कोटि भरलें. हा आंकडा पाहून सामान्य माणसाचे डोळे दिपले यांत नवल नाहीं. परंतु त्यांतील ८ लक्ष कोटींहून अधिक भाग रिझर्व्ह बँकेनें बँकांना कर्जें देण्यास जी सोय करून दिली तिचा होता, आणि उरलेल्यांतहि पुष्कळ भाग कर्जाचा व हमीचा होता. कर्ज म्हणजे परत करावयाचा पैसा. हमी म्हणजे तर पैसाहि नव्हे. कर्ज घेणारा बुडाला तर आपण भरूं असा शब्द. आपल्याकडे जामीन राहणें म्हणतात तेंच हें, फक्त जामीन येथें प्रत्यक्ष सरकार.

ह्यांतील मुख्य योजना ३ लक्ष कोटींच्या तांतडीच्या कर्जहमीची. २९ फेब्रुवारी २०२० रोजीं धंदेवाल्याच्या डोक्यावर जेवढें कर्ज होतें त्याच्या शेंकडा २० पर्यंत नवें कर्ज, कांहींहि गहाण न घेतां, बँकेनें द्यावें. व्याज शेंकडा सव्वानऊच्या वर नसावें. फेड चार वर्षांत व्हावी आणि पहिल्या वर्षीं मुद्दल मागूं नये. ही योजना वाढत वाढत मार्च २०२३ अखेरपर्यंत चालली व हमी दिलेलें कर्ज साडेतीन लक्ष कोटींच्या वर गेलें. तिनें पुष्कळ धंदे तरले ह्यांत शंका नाहीं.

तरी पेण व हमरापूरच्या मूर्तिकारांकडे पाहा. तेथील कारखान्यांत गणपतीच्या मूर्तींचें काम जवळ जवळ वर्षभर चालतें आणि पैसा भाद्रपदांत एकदांच येतो. २०२० सालची चतुर्थी २२ ऑगस्टला होती. जुलै महिन्यांत सरकारी सूचना निघाली कीं, सार्वजनिक मूर्ति ४ फुटांपेक्षां व घरची २ फुटांपेक्षां उंच नसावी. तोंवर मोठ्या मूर्तींसाठीं माती, प्लास्टर, रंग यांत घातलेला पैसा अडकून पडला. ज्या कारखानदाराचें बँकेंत ५ लक्षांचें कर्ज होतें त्यास आणखी १ लक्ष मिळण्याची वाट मोकळी झाली. पण ज्यानें नातेवाईकांकडून, रंगवाल्याच्या उधारीवर, किंवा पदरच्या पैशानें धंदा उभारला होता, त्याच्या शून्य कर्जाचे शेंकडा २० म्हणजे शून्यच. आणि मूर्तीचे डोळे आंखणाऱ्या कुशल कारागिरास, जो हंगामापुरता मजुरीवर येतो, त्यास तर बँकेचा दरवाजाहि माहीत नव्हता. पैसा मालकाच्या हातीं आला तर तो खालीं झिरपेल, अशी ही कल्पना होती. कोठें झिरपला, कोठें नाहीं.

कर्जाच्या हप्त्यांस जी सवड मिळाली तिचा हिशेब वरच्या वर्गांतील विद्यार्थी सहज करूं शकतील. रिझर्व्ह बँकेनें मार्च २०२० पासून तीन महिने व पुढें आणखी तीन महिने, ३१ ऑगस्टपर्यंत, हप्ते थांबविण्याची परवानगी दिली. समजा, अलिबागच्या एका गृहस्थानें उतारूंसाठीं मोटार घेतली असून तिचें ५ लक्ष रुपये कर्ज शेंकडा १० व्याजानें शिल्लक आहे. सहा महिने त्यानें हप्ता भरला नाहीं. व्याज मात्र थांबलें नाहीं. तें सरळ व्याजानें २५,००० रुपये झालें आणि मुद्दलांत मिळालें. महिन्याच्या महिन्यास व्याजावर चढणारें व्याज धरलें तर आणखी सुमारें सव्वापांचशें. पुढें ऑक्टोबर २०२० मध्यें सरकारनें २ कोटींपर्यंतच्या ठराविक प्रकारच्या कर्जांवरील हें व्याजावरचें व्याज आपण सोसूं असें ठरविलें. म्हणजे त्या गृहस्थास खरोखर माफ झाले ते सव्वापांचशें रुपये; पंचवीस हजार त्याच्याच डोक्यावर राहिले. सवड आणि माफी ह्या दोन शब्दांत केवढें अंतर आहे! सवडीचा उपयोग नव्हता असें मात्र नव्हे. दारांतील मोटार ओढून नेण्यास कोणी आलें नाहीं, हेंच त्या सहा महिन्यांत पुष्कळांना पुरेसें वाटलें.

फेरीवाल्यांसाठीं १ जून २०२० रोजीं स्वनिधि योजना निघाली. १०,००० रुपये कर्ज, वर्षांत फेड, व नियमानें फेडल्यास शेंकडा ७ व्याज सरकारकडून परत. बँकेचा दर शेंकडा १२ धरला तर हप्त्याहप्त्यानें फेडणाऱ्यास वर्षांत सुमारें साडेसहाशें रुपये व्याज पडतें; त्यांतील पावणेचारशेंच्या आसपास परत मिळतात. मोबाईलवरून पैसे स्वीकारल्यास महिन्यास १०० रुपयांपर्यंत बक्षीस निराळें. तेव्हां फेरीवाल्यास दहा हजारांची मदत झाली असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां तिजोरींतून खरोखर काय गेलें हें आपण असें मोजून पाहावें. तथापि ज्यास एरवीं सावकाराकडे रोजाच्या व्याजानें पैसे घ्यावे लागत, त्यास बँकेनें प्रथमच दारांत उभें केलें हा लाभ रुपयांत मोजतां येणार नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे.

पण ही योजना मुळांत शहरांतील फेरीवाल्यांसाठीं होती. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, पेण, उरण येथें नगरपरिषदा आहेत. नागांव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर येथें ग्रामपंचायती. मुरूडच्या वाळूवर भेळ विकणारा यादींत बसूं शके. काशीदच्या वाळूवर तीच भेळ त्याच उतारूंना विकणारा बसत नसे. समुद्र एकच, हद्द निराळी. जून २०२१ मध्यें पर्यटनाच्या धंद्यासाठीं हमीचीं कर्जें जाहीर झालीं तींहि मान्यताप्राप्त प्रवासी कंपन्यांस १० लक्षांपर्यंत व परवाना असलेल्या मार्गदर्शकांस १ लक्षापर्यंत अशीं होतीं. आपल्या किनाऱ्यावर घराच्या दोन खोल्या पाहुण्यांस देणारी गृहिणी आणि वाळूवर घोडागाडी फिरविणारा हीं दोघें त्या कागदांत कोठें दिसतात?

मासेमारीचा विचार शेवटीं ठेविला, कारण तोच आपल्या किनाऱ्याचा जुना धंदा. टाळेबंदींत पहिले दोन आठवडे होड्या किनाऱ्यास लागून राहिल्या. १० एप्रिल २०२० ला केंद्र सरकारनें मासेमारीस मोकळीक दिली. पण मोकळीक मिळाली म्हणून मासळी खपते असें नाहीं. मुंबईचे मोठे बाजार बंद, बर्फ नाहीं, गाड्या नाहींत, आणि लगेच पुढें पावसाळ्याची बंदी. होडीचा मालक सहकारी संस्थेचा सभासद असतो, होडी नोंदलेली असते, त्याच्यापर्यंत सरकारी कागद पोंचूं शकतो. किसान क्रेडिट कार्डाची सोय मच्छीमारांसहि आहे. वेळेवर फेड केल्यास २ लक्षांपर्यंत तें कर्ज शेंकडा ४ व्याजानें पडतें. २०१९ सालच्या क्यार व महा ह्या वादळांनीं बुडालेल्या हंगामाबद्दल सरकारनें सुमारें ६५ कोटींचें अनुदान मंजूर केलें तें २०२० च्या पावसाळ्यांत. म्हणजे साथीच्या वर्षीं मच्छीमारांच्या पदरांत पडूं घातलेला पैसा मागील वर्षाच्या वाऱ्याचा होता. खलाशाचें काय? त्यास पगार नसतो, वांटा असतो. मासळी आली तर वांटा, न आली तर शून्य; आणि शून्याची पावती कोणी देत नाहीं. पाटी डोक्यावर घेऊन गांवोगांव फिरणाऱ्या बाईचें नांव तर बहुतेक संस्थांच्या पटावरहि नसतें, जरी घराची चूल तिच्याच विक्रीवर पेटते.

दुसरी लाट आली तेव्हां राज्य सरकारनें १३ एप्रिल २०२१ रोजीं निर्बंधांबरोबरच ५,४७६ कोटींचें साहाय्य जाहीर केलें. निर्बंध आणि पैसा एकाच तोंडानें सांगितला गेला, हा आम्ही मोठा सुधार समजतों. १२ लक्ष बांधकाम मजूर, ५ लक्ष फेरीवाले, १२ लक्ष रिक्षा-परवानाधारक व घरकाम करणाऱ्या बाया यांस १५०० रुपये. १२ लक्ष आदिवासी कुटुंबांस २००० रुपये. ७ कोटि लोकांस महिन्याचें धान्य फुकट. मात्र ह्या घोषणेंतील प्रत्येक नामामागें एक विशेषण होतें: नोंदणीकृत, अधिकृत, परवानाधारक. रिक्षाचा परवाना एकाच्या नांवें आणि रोजचें भाडें भरून ती चालविणारा दुसरा, ही गोष्ट आपल्याकडे नेहमींची. १५०० रुपये परवान्यास मिळाले.

श्रीमंत देशांतहि हें टळलें नाहीं. इंग्लंडांत सरकारनें घरीं बसविलेल्या नोकरांच्या पगाराचा शेंकडा ८० पर्यंत भाग, महिना २,५०० पौंडांपर्यंत, सप्टेंबर २०२१ पर्यंत चालविला. कारण तेथें प्रत्येक पगारावरील कर सरकारच्या दप्तरीं आधींच नोंदला जातो. ज्यांनीं नुकताच स्वतःचा धंदा काढिला होता, ज्यांचा मागील कराचा कागद नव्हता, ते मात्र तेथेंहि प्रथम बाहेर राहिले. अमेरिकेनें मालकांस कर्ज दिलें व नोकर कामावर ठेविले तर तें माफ केलें. शिवाय ठराविक मिळकतीच्या आंतील प्रत्येक प्रौढास १,२०० डॉलर पाठविले. ज्यांनीं कधीं कराचें विवरण भरलें नव्हतें त्यांस आपलें नांव निराळें कळवावें लागलें.

साथ ओसरल्यावर आपल्याकडे याद्या करण्याचें काम निघालें. २६ ऑगस्ट २०२१ रोजीं असंघटित कामगारांसाठीं ई-श्रम नोंदणी सुरू झाली. १६ ते ५९ वर्षें वयाच्या व भविष्यनिर्वाहनिधींत नसलेल्या कोणाहि कष्टकऱ्यास ती खुली आहे. तींत बारा आंकडी क्रमांक मिळतो, आणि आजपर्यंत ३० कोटींहून अधिक नांवें चढलीं आहेत. मासेमारीच्या धंद्यांतील लोकांसाठीं सप्टेंबर २०२४ मध्यें राष्ट्रीय नोंदणी निघाली; तींत होडीवाल्याबरोबर खलाशी व मासळी विकणाराहि स्वतःच्या नांवानें येऊं शकतो. स्वनिधि योजना २०२५ सालीं नव्यानें आंखून मार्च २०३० पर्यंत वाढविण्यांत आली. पहिलें कर्ज आतां १५,००० रुपयांचें असून शहराच्या हद्दीबाहेरील कांहीं वस्त्याहि तींत क्रमाक्रमानें घेण्याचें ठरलें आहे. ई-श्रमाचें नांव चढविण्यास आधारपत्रिका, त्यास जोडलेला मोबाईल व बँकेचें खातेंपुस्तक एवढें लागतें. मोबाईल हाताशीं नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रांत बसूनहि तें करतां येतें. फॉर्म भरतांना धंद्याच्या रकान्यांत काय लिहावें ह्याविषयीं पुष्कळ घरांत गोंधळ होतो आणि आईच्या नांवापुढें सहज 'गृहिणी' असें लिहून टाकण्यांत येतें. ती बाजारांत मासळी विकत असेल, तर 'मासळीविक्री' असेंच लिहावें.